हिरकणीची वाट आणि संस्थांचे दरवाजे

हिंगोली जिल्ह्यातील एका शिक्षणसंस्थेच्या संगणकांची पाहणी करण्याचा योग अलीकडे आला. दोन शाळा, एक कनिष्ठ महाविद्यालय, एक वसतिगृह आणि या साऱ्यांचे मिळून एक कार्यालय, असा संस्थेचा पसारा. संगणक सुमारे चाळीस. सगळे एका सर्व्हरला जोडलेले. विद्यार्थ्यांचे दाखले, शुल्काच्या पावत्या, शिक्षकांची सेवापुस्तके, देणगीदारांची यादी, सारे त्यावरच. संस्थेला नवा सर्व्हर घ्यायचा होता आणि त्याबरोबर लॉगिनची जुनी पद्धतही मोडीत काढायची होती. म्हणून आधी आठवडाभर नुसती नोंद घेतली, की या जाळ्यात कोण, केव्हा, कोणत्या नावाने प्रवेश करतो.

त्या नोंदीत एक नाव रोज रात्री दोन वाजता उमटत होते. ते नाव होते संस्थेच्या जुन्या मुख्य लिपिकांचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णा निवृत्त होऊन सात वर्षे झाली होती आणि त्यांना देवाज्ञा होऊन तीन. तरीही त्यांच्या नावाने रोज मध्यरात्री सर्व्हरचे दार उघडत होते, आणि तेही सर्वाधिकारासह. उलगडा झाला तो साधाच निघाला. माहितीची रात्रीची प्रत काढण्याचे काम अण्णांनी आपल्या स्वतःच्या खात्यावर लावून दिले होते. ते निवृत्त झाले तेव्हा खाते बंद केले असते तर प्रत निघणे थांबले असते. म्हणून कुणी हात लावला नाही. पासवर्ड होता त्यांच्या थोरल्या लेकीचे नाव. तिच्या लग्नाला अर्धे कार्यालय जेवून आलेले, त्यामुळे तो पाचसहा जणांना तोंडपाठ होता.

यात कुणाची लबाडी नव्हती. अण्णांनी तर निष्ठेनेच काम केले होते. पण निष्ठेने केलेली व्यवस्थासुद्धा वेळेवर बदलली नाही की ती संस्थेचे भगदाड होते. आज आपल्या जिल्ह्यातील, किंबहुना राज्यातील, शेकडो शाळा, पतसंस्था, रुग्णालये आणि न्यास याच अवस्थेत आहेत. हा विषय 'संगणकवाल्या मुलाचा' आहे असे समजून कार्यकारिणीने तो बाजूला सारला, तर त्याची किंमत संस्थेवर विश्वास ठेवणारी माणसे मोजतील, असे मला वाटते.

जुने कुलूप म्हणजे काय?

'परवलीचा शब्द' हा आपल्या भाषेतला जुना, लष्करी शब्द. पहारेकरी विचारी, येणारा सांगे, दार उघडे. संगणकाच्या जाळ्यातील जुनी पद्धत जवळजवळ अशीच आहे. १९९३ साली विंडोज एनटी बाजारात आली, तिच्याबरोबर 'एनटीएलएम' नावाची ओळख पटविण्याची पद्धत आली. तिच्याही मुळाशी ऐंशीच्या दशकातील 'लॅन मॅनेजर' होता. त्या पूर्वजाची रीत अशी, की चौदा अक्षरांचा पासवर्ड तो सातसात अक्षरांत मोडून साठवी आणि लहानमोठी अक्षरे एकच मानी. चौदा अक्षरांचे एक कुलूप तोडण्याऐवजी सात अक्षरांची दोन तोडणे किती सोपे, हे सांगावयास नको.

एनटीएलएमने ही चूक सुधारली. पण दोन उणिवा राहिल्याच. पहिली अशी, की संगणकात पासवर्डचा जो सांकेतिक ठसा साठविलेला असतो, तोच चोराच्या हाती लागला तर मूळ पासवर्ड कळण्याची गरजच उरत नाही. ठसा दाखविला की काम होते. शिक्का चोरल्यावर सहीची गरज पडू नये, तसे हे. दुसरी उणीव अधिक गंभीर. या पद्धतीत सर्व्हर आपली ओळख तपासतो, पण समोरचा सर्व्हर खरा की तोतया, हे आपण तपासू शकत नाही. मध्ये बसलेला भामटा आपले उत्तर घेऊन परस्पर दुसऱ्या दाराशी वापरू शकतो.

याला पर्यायही जुनाच आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या 'अथेना' प्रकल्पात ऐंशीच्या दशकात 'केर्बेरॉस' ही पद्धत जन्मली. ग्रीक पुराणातील पाताळाच्या दाराशी बसणाऱ्या तीन तोंडांच्या श्वानाचे हे नाव. आपल्याकडे यमाच्या वाटेवरचे चार डोळ्यांचे दोन श्वान ऋग्वेदात आहेत, तेव्हा कल्पना आपणास परकी नाही. या पद्धतीत दारोदार पासवर्ड सांगत फिरायचे नसते. सकाळी एकदा विश्वासू अधिकाऱ्याकडे ओळख पटवायची, त्याच्याकडून तिकीट घ्यायचे, आणि दिवसभर त्या त्या दाराशी त्या त्या दारापुरतेच तिकीट दाखवायचे. तिकिटाला मुदत असते, सहसा दहा तासांची. एस.टी.चे कालचे तिकीट आज चालत नाही, तसेच हे. शिवाय येथे सर्व्हरलाही आपली ओळख सिद्ध करता येते.

विंडोजने ही पद्धत २००० साली स्वीकारली. तरीही मायक्रोसॉफ्टने एनटीएलएमला निरोप देण्याचा मनोदय जाहीर केला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि तिच्या सर्व आवृत्त्या कालबाह्य ठरविल्या त्या जून २०२४ मध्ये. ज्या कंपनीने ही पद्धत जन्माला घातली तिलाच तिला दूर सारण्यास दोन तपे लागली, मग हिंगोलीच्या संस्थेस काय अवघड जाते हे समजण्यासारखे आहे.

अडचण नेमकी कोठे?

पहिली अडचण अशी, की जुनी पद्धत मुकाट्याने काम करते. नवी पद्धत कोठे अडली तर संगणक तक्रार न करता मागच्या दाराने जुन्या पद्धतीवर जातो. वापरणाऱ्याला फाइल उघडलेली दिसते. ती कोणत्या वाटेने उघडली हे दिसत नाही. वरील संस्थेत सर्वांची समजूत होती की आपण नव्या पद्धतीवर केव्हाच गेलो आहोत. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक संगणक जुन्या वाटेनेच ये-जा करीत होते. कारण क्षुल्लक होते. पूर्वी कुणीतरी प्रत्येक संगणकावर सर्व्हरचे नाव न लिहिता त्याचा आकडी पत्ता लिहून ठेवला होता. नवे तिकीट नावावर निघते, आकड्यावर सहसा निघत नाही. म्हणून संगणक गुपचूप जुन्या दाराकडे वळत होता.

दुसरी अडचण घड्याळाची. केर्बेरॉसमध्ये दोन्ही संगणकांच्या घड्याळांत साधारणपणे पाच मिनिटांपेक्षा अधिक अंतर चालत नाही. नाही तर जुने तिकीट पुन्हा वापरणे चोराला सोपे जाईल. नियम रास्त आहे. पण आपल्याकडचे वास्तव पाहा. वीज जाते, येते. संगणकाच्या आतील छोटी बॅटरी कधीच संपलेली असते. वीज आली की संगणक जागा होतो तो वीस वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीला. वसतिगृहातील एका संगणकाची अवस्था हीच होती. बॅटरी मिळते एका वडापावच्या किमतीत. पण ती बदलायची हे ठाऊक असणारा माणूस हवा. केंद्र शासनाच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्व संगणकांची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळवून ठेवण्यास, नोंदी १८० दिवस जपण्यास आणि गंभीर प्रकार ६ तासांत कळविण्यास सांगितले, ते उगीच नव्हे. चोरी कधी झाली हेच ठाऊक नसेल तर पंचनामा कशाचा करणार?

तिसरी अडचण यंत्रांची. कागद तपासून थेट सर्व्हरवर पाठविणारा जुना स्कॅनर, हजेरीचे यंत्र, दहा वर्षांपूर्वी कुणा ओळखीच्या मुलाकडून करवून घेतलेली शुल्क-पावतीची प्रणाली. ही सारी जुनीच बोली बोलतात. प्रणाली करणारा तो मुलगा आता पुण्यात किंवा बंगळुरात असतो आणि दूरध्वनी उचलत नाही. त्याचा तरी काय दोष? ज्या कामाचे पैसे त्याला एकदाच मिळाले, त्याची जन्मभर देखभाल त्याने का करावी?

चौथी अडचण वर्षाच्या चक्राची. आठवडाभराची नोंद पाहून आम्ही निर्धास्त झालो असतो तर फसलो असतो. शाळेचा सर्व्हर जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी एका तऱ्हेने वापरला जातो, परीक्षेच्या अर्जांच्या वेळी दुसऱ्या, आणि मार्चअखेरीस हिशेब तपासनीस येतात तेव्हा तिसऱ्याच. वर्षातून एकदाच उघडणारे दार हेच बहुधा सर्वांत जुने असते.

भारनियमनाने वाचविलेला सर्व्हर

'आमच्या छोट्या संस्थेत चोराला काय मिळणार?' हा प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो. त्यांना २७ जून २०१७ ची आठवण द्यावी. त्या दिवशी युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रणालीतून 'नॉटपेट्या' नावाचा विषाणू बाहेर पडला. त्याचे लक्ष्य युक्रेन होते. पण तो जगभर पसरला. विंडोजमधील एक ज्ञात भगदाड तर त्याने वापरलेच. शिवाय संगणकाच्या स्मृतीत राहिलेली लॉगिनची माहिती उचलून तो पुढच्या दाराशी गेला. ज्यांनी भगदाड बुजविले होते तेही संगणक त्यामुळे पडले. मर्स्क या जहाज कंपनीचा समूह त्यात सापडला आणि आपल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. रायगड जिल्ह्यातल्या बंदराबाहेर मालमोटारी खोळंबल्या, त्याचे कारण युक्रेनमध्ये होते.

पुढची कथा अधिक बोलकी आहे. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. परंतु जगभरची लॉगिन-नोंद सांभाळणारे त्यांचे दीडशेच्या आसपास सर्व्हर एकाच वेळी पुसले गेले होते. प्रत्येकाची प्रत दुसऱ्यावर असल्याने कुणाचीच वेगळी प्रत ठेवलेली नव्हती. कोण कर्मचारी, कुणाला कोणता अधिकार, हे सांगणारी वहीच जळाली. अखेर एक प्रत सापडली ती आफ्रिकेतील घाना देशात. हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती, म्हणून तो सर्व्हर जाळ्यापासून तुटला होता आणि वाचला! मराठवाड्यातील वाचकाला भारनियमनाचा असा उपकार ऐकून हसू येईल. पण जगातील बलाढ्य कंपनी वाचली ती योजनेने नव्हे, वीज गेल्याने, हे लक्षात घेतले पाहिजे. आपण वीज जाण्यावर विसंबून राहणार काय?

आणि ज्यांना बंदराचे उदाहरण दूरचे वाटते त्यांनी ३१ जुलै २०२४ आठवावा. सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर हल्ला झाला आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे डिजिटल व्यवहार खबरदारी म्हणून तोडावे लागले. मोठ्या बँका सुरू होत्या. अडला तो लहान गावातला खातेदार. केंद्राने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गावची सोसायटी आता त्याच जाळ्यात येते आहे. वसमतचा हळद उत्पादक ज्या सोसायटीचा सभासद आहे, तिच्या सचिवाचा पासवर्ड भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिलेला असेल तर ही गुंतवणूक कोणासाठी?

हिरकणीला शिक्षा नव्हे

आता त्या संस्थेत काय झाले ते सांगतो. जुनी पद्धत बंद केली त्या सोमवारी शुल्काच्या खिडकीवर रांग लागली होती. जुना स्कॅनर सर्व्हरशी बोलेना. खिडकीवरच्या ताईंनी मुलांना परत पाठविले नाही. अडगळीतला एक जुना संगणक लावला, सगळ्यांना ठाऊक असलेल्या 'ऑफिस' या सामायिक नावाने त्यात प्रवेश केला, आणि पेन ड्राइव्हवरून कागद नेण्यास सुरुवात केली. दुपारी हे कळताच आमच्यातील एक तंत्रज्ञ संतापला. नियम मोडला म्हणून लेखी खुलासा घ्यावा, असे त्याचे म्हणणे पडले.

त्यावर संस्थेच्या वयोवृद्ध अध्यक्षांनी रायगडच्या हिरकणीची आख्यायिका सांगितली. गडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद झाले, घरी तान्हे बाळ, म्हणून ती गवळण बिकट कड्यावरून उतरून गेली. शिवछत्रपतींनी तिला दंड केला नाही. जिथून एक माता उतरू शकते तिथून शत्रू चढू शकतो, हे ओळखून त्या जागी बुरूज बांधला आणि त्यास तिचेच नाव दिले. "ताईंनी आपल्याला वाट दाखविली आहे," अध्यक्ष म्हणाले, "आता बुरूज बांधा."

संस्थेतील बदलाचे सारे मर्म या एका वाक्यात आहे, असे माझे मत झाले. कर्मचारी नियम मोडतो तो बहुधा आळसाने नव्हे. समोर रांग असते म्हणून. त्याने काढलेली पळवाट ही आपल्या योजनेतील उणिवेची खूण असते. त्याला धाक दाखविला तर तो पळवाट काढणे थांबवीत नाही, सांगणे थांबवितो. त्या दिवशी ताईंना कुणी रागावले असते, तर अडगळीतला तो संगणक आजही चालू असता आणि आम्हांस पत्ताही नसता. स्कॅनरसाठी स्वतंत्र, केवळ एका फोल्डरपुरता अधिकार असलेले खाते काढले, प्रश्न दोन तासांत मिटला.

शिवकालीन गडाची व्यवस्थाही येथे मार्गदर्शक आहे. गड एकट्याच्या स्वाधीन नसे. हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशी कामे वाटलेली. किल्ल्या एकाकडे, हजेरी व हिशेब दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे. अधिकाऱ्यांच्या ठराविक काळाने बदल्या होत. एक माणूस फितुरीने, भीतीने वा भोळेपणाने फसला तरी गड जाऊ नये, हा त्यामागचा विचार. संगणकशास्त्र आज हेच सांगते: प्रत्येकास कामापुरताच अधिकार, तोही मुदतीचा.

आपल्याच जिल्ह्यात याचे आधुनिक उदाहरण उभे राहत आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा होत आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ज्या जागतिक शास्त्रज्ञ-समुदायाशी ती जोडली जाणार, त्यानेही हेच स्थलांतर अनुभवले आहे. 'हा कोण' एवढेच सांगणाऱ्या जुन्या डिजिटल प्रमाणपत्रांकडून, 'याने एवढेच काम एवढ्याच वेळात करावे' असे सांगणाऱ्या अल्पमुदतीच्या टोकनांकडे तो समुदाय अलीकडच्या वर्षांत वळला. तेही एका रात्रीत नव्हे. विश्वाचा कानोसा घेणाऱ्यांनाही जुने कुलूप हळूहळूच बदलावे लागते.

आक्षेप आणि उत्तर

काही स्वदेशीनिष्ठ मित्र विचारतात, परदेशी कंपनीने एखादी पद्धत बाद ठरवली की आपण लगेच नाचायचे काय? प्रश्न योग्य आहे. पण उत्तर जुन्याला चिकटून राहणे हे नव्हे. जुनी पद्धत त्याच कंपनीची आहे. केर्बेरॉस मात्र खुले मानक आहे, कुणाच्या मालकीचे नाही. 'सांबा' या मुक्त प्रणालीत २०१२ पासून तो संपूर्ण लॉगिन-सर्व्हर विनाशुल्क उभारता येतो आणि सी-डॅकने 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली देशाला दिली आहे. परावलंबन कमी करायचे असेल तर स्थलांतर हीच संधी आहे.

दुसरे म्हणतात, सगळे क्लाउडवर टाका, कटकट मिटेल. सर्व्हरची मिटेल, माणसांची मिटणार नाही. अण्णांचे खाते क्लाउडवरही तसेच राहिले असते, आणि तेथे ते जगाच्या पाठीवर कोठूनही उघडता आले असते.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. म्हणूनच क्रम महत्त्वाचा. आधी केवळ नोंद घ्यावी, तीही किमान एका मार्चअखेरीसह. मग सामायिक खाती मोडून प्रत्येकास स्वतःचे नाव द्यावे. निवृत्तांची, बदलून गेलेल्यांची खाती निरोप-समारंभाच्या दिवशीच बंद करावीत. रात्री चालणाऱ्या कामांसाठी स्वतंत्र खाती काढावीत. घड्याळे जुळवावीत. नंतर एकेक विभाग नव्या पद्धतीवर न्यावा, आणि जे यंत्र बदलणे अशक्य त्याला जाळ्यापासून वेगळे बसवावे. एका आपत्कालीन खात्याचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात तिजोरीत ठेवावा. आणि लॉगिन-नोंदीची एक प्रत जाळ्यापासून तोडलेली असावी, म्हणजे घानातील विजेची वाट पाहावी लागणार नाही. यातील पहिल्या चार गोष्टींना पैसा जवळजवळ लागत नाही. लागतो तो कार्यकारिणीचा ठराव आणि कुणीतरी घेतलेली जबाबदारी.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. या जिल्ह्यातील अनेक संस्था त्याहून जुन्या आहेत. मूठ मूठ धान्य गोळा करून, सायकलवर फिरून माणसांनी त्या उभ्या केल्या. त्या पिढीने विश्वास कमावला. तो आता वहीत नसून सर्व्हरवर आहे, आणि तो राखण्याचे काम आपल्याकडे आले आहे.

अण्णांचे खाते आम्ही ज्या संध्याकाळी बंद केले, तेव्हा कार्यालयातील जुनी माणसे थांबली होती. कुणी काही बोलले नाही. रात्रीची प्रत नव्या खात्यावरून निघाल्याची खात्री दुसऱ्या दिवशी सकाळी झाली, तेव्हा एक जण म्हणाला, "सात वर्षे जादा नोकरी केली अण्णांनी. आता खरे निवृत्त झाले." आपापल्या संस्थेत असे किती अण्णा अजून रात्रपाळी करीत आहेत, हे पुढच्या बैठकीत विचारून पाहा.